जेवलेली स्कूटर

यंत्रालाही पोट असतं आणि जेवणानंतर त्यालाही डुलकी लागते, असं मनापासून मानणारा माणूस सगळ्या पालघर जिल्ह्यात एकच आहे, आणि तो आमच्या घरी जावई म्हणून आला. माझ्या नणंदेचे यजमान, आमच्याच वाडीत राहतात; आम्ही त्यांना भावोजी म्हणतो. पेट्रोलात उसापासून, मक्यापासून, तांदळाच्या कणीपासून केलेलं इथेनॉल मिसळतात हे कळल्यापासून ते आपल्या जुन्या स्कूटरला पाहुणीसारखं वागवतात. पंपावरून आली की तिला करंजाच्या सावलीत लावतात आणि घटकाभर कुणाला हात लावू देत नाहीत. नणंद ओरडते, "अहो, सूर्य बुडायला आला, चला!" तर म्हणतात, "भात जेवल्यावर तू पेंगतेस ना? मग ही काय लोखंडाची हाय म्हणून पेंगणार नाय?" धूर कमी होतो, परदेशातून तेल कमी आणावं लागतं, याचा त्यांना अभिमान. पण अंडी महागली की स्कूटरकडेच रागाने बघतात. "कोंबड्यांच्या ताटातला मका हिने खाल्ला!" ऊस फार पाणी पितो, म्हणून तिला धुवायला अर्धीच बादली.

नणंदेचा जीव या स्कूटरमध्ये. गुडघ्यांमुळे तिला फार चालवत नाही, उंच मोटारसायकलवर चढवत नाही. रविवारी संध्याकाळी भावोजी तिला हिच्यावरून एडवणच्या किनाऱ्यावर नेत. तिच्या वाट्याचा समुद्र तेवढाच. म्हणून यंदा स्कूटर वाटेत बंद पडू लागली आणि त्यांचा मुलगा "भंगारात द्या" म्हणाला, तेव्हा नणंद म्हणाली, "आधी मला द्या!"

भावोजींनी आधी टाकी रिकामी करून स्कूटरला उपास घडवला. मग टेम्पोत घालून बोईसरला नेली. मेकॅनिक हसला. "चाचा, नींद-वींद कुछ नहीं. पुराना रबर है, इस पेट्रोल से पाइप गल गया. बदल देता हूँ. लेकिन खड़ी मत रखो, पड़े-पड़े पेट्रोल नमी पकड़ता है."

"रविवारी काढतो की!"

"हफ्ते में एक बार? रोज़ चलाओ!"

तेव्हापासून दोघं रोज जातात. "इतकी वर्षं आठवड्यातून एकदा दर्या दाखवलात, आता इंजिनाला बरं वाटावं म्हणून रोज!" असा टोमणा मारत नणंद अबोलीचा गजरा माळते आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवून बसते. मी भाकरी थापता थापता स्कूटरचा आवाज ऐकते. माडांपलीकडे तो मधेच थांबला, की माझा हात पिठातच थांबतो. मग तो पुन्हा सुरू होतो आणि लाटांच्या आवाजात हळूहळू विरून जातो.