निघतानाच फोन कर

म्हशाच्या जत्रेत, घोंगड्यांच्या दुकानांपुढे, एक परकी बाई माझ्या आईच्या आवाजात बोलत होती. आमच्या पाड्यावरच्या बायकांसारखं लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं. गालांना, हातांना काळं फासलेलं. नवरा समोर फोन धरून. आवाज दुसऱ्या फोनमधून यायचा, ही नुसते ओठ हलवायची आणि शेवटी हात फडफडवून उडी मारायची.

"गाडी वर येत नाय. मंग पोर काय उडत जाईल?"

लोक हसत होते. नवऱ्याला उडी पसंत पडेना, म्हणून ती तीनदा उडाली.

आई माझ्या शेजारीच होती. हातात घोंगडीचं टोक. तिनं ऐकलं. मला म्हणाली, "गो, हा माझाच आवाज ना? मी त आपल्या सोनीचा सांगत होते. मंग ती हसते कशाला?"

मला उत्तर माहीत होतं. आईला हाताला धरून मुरबाडच्या गाडीत बसवलं. घोंगडी तिथंच राहिली.

सोनी माझ्या भावाची मुलगी. चार वर्षांची. आदल्या पावसाळ्यात पहाटे तिला मण्यार चावली. आमचा पाडा खर्डीच्या वर, डोंगरात. खाली रस्त्यापर्यंत दीड तासाची वाट, पावसात ती चिखलाची घसरण. भावानं बांबूला चादर बांधून डोली केली. वाटेतल्या ओहोळापाशी पोचेपर्यंत सोनी संपली होती. तिला परत वर नेलं. वहिनी सगळी वाट डोलीची चादर धरून चालली.

मी तेव्हा शहापुरात बातम्यांच्या एका वेब पोर्टलमध्ये कामाला होते. हार्डवेअरच्या दुकानावर दोन खोल्या, चार कॉम्प्युटर. व्हिडिओ कापायचे, खाली अक्षरं टाकायची. बारावीपर्यंत शिकलेली पाड्यावरची पहिली मुलगी मी, खुर्चीत बसून काम करायची, त्याचाच मला केवढा तोरा. पोर्टल चालवणारे सर पाहुण्यांना माझी ओळख करून द्यायचे, "ही आमची जंगल प्रतिनिधी." सगळे हसायचे. मीसुद्धा हसायचे.

सोनी गेली त्या सकाळी सरांना फोन मीच केला. कुणी करायला सांगितलं नव्हतं. मला वाटलं, बातमी लागली की रस्ता होईल. दुपारी सर कॅमेरा घेऊन पाड्यावर आले. आई बोलली. अकरा मिनिटं बोलली. कुणाकुणाला अर्ज दिले, किती वेळा दिले, कोण येऊन वाट मोजून गेलं, मागे कोणाची बाई त्याच ओहोळापाशी बाळंत झाली. सगळं नावानिशी.

ऑफिसात सर म्हणाले, "अकरा मिनिटं कोण बघतंय? पहिल्या तीन सेकंदांत माणूस थांबला पाहिजे."

मी कापलं. माझ्या हातानं. अर्ज कापले, नावं कापली, ओहोळ कापला. सात सेकंद उरले.

"खाली म्युझिक टाकू नको," सर म्हणाले. "आवाज मोकळा असला की लोक आपल्या रीलसाठी उचलतात."

लोकांनी उचलला. पहिले चार दिवस रडले, सरकारला शिव्या दिल्या. मग कुणीतरी त्यावर ढोल टाकला. मग विमानतळावर बॅगा ओढणारी पोरं त्यावर नाचली. कुणी मांजर उडवलं, कुणी पलंगावरून स्वतःचं हसरं बाळ उडवलं. मी हे सगळं ऑफिसात बसून पाहत होते. आईकडे साधा फोन. तिला सांगितलं, बातमी खूप लोकांनी पाहिली. ती म्हणाली, "मंग रस्ता कवा?"

जत्रेहून आल्यावर दुसऱ्या दिवशी मी सरांना म्हटलं, तो व्हिडिओ काढा.

"आपण काढून काय होणार? आवाज आता सगळ्यांचा झाला. आणि वाईट काय त्यात? तुझी आई फेमस झाली."

मी नोकरी सोडली नाही. हेही सांगायला हवं. खाली मान घालून आणखी चार महिने व्हिडिओ कापले. लाज वाटायची, आणि तरी जायचे. तिकडे आईनं चारचौघांत बोलणं टाकलं. किन्हवलीच्या बाजारात करवंदं विकताना कुणी भाव विचारला तर बोटं दाखवायची. कुणी खिशातून फोन काढला की पदर तोंडावर घ्यायची.

मग मे महिना आला. ऑफिसच्या भिंतीवरच्या पांढऱ्या बोर्डावर सरांनी पावसाळ्याचं नियोजन लिहिलं. वटपौर्णिमा. धबधबे. भातलावणी. चौथ्या रकान्यावर लिहिलं, डोली. त्याखाली पाच पाड्यांची नावं. पहिलं आमचं.

सर माझ्याकडे वळले. आवाज अगदी मायेचा. "तुझ्या वहिनीला दिवस गेलेत ना गं? कधी भरतात?"

"श्रावणात," मी म्हटलं. तोंडातून निघून गेलं.

त्यांनी आमच्या पाड्यापुढे लिहिलं, श्रावण.

"म्हणजे वाट बंदच असणार. छान. पहिला फोन मला. मागच्या वेळी आपल्याला उशीर झाला. या वेळी निघतानाच कर."

उशीर. क्षणभर मला वाटलं, ते सोनीबद्दल बोलताहेत. मग कळलं, ते शॉटबद्दल बोलत होते. माझी वहिनी अजून चालतीबोलती, पोटात पोर हलतंय, आणि या माणसानं तिला डोलीत घालून ठेवलंय. तिच्या मरणाची जागा राखून ठेवलीय. आणि श्रावण हा शब्द त्याला मी दिलाय.

मग संताप आला, सरांचा आणि त्याहून माझा.

"फोन येणार नाय," मी म्हटलं. "डोली निघणारच नाय."

"म्हणजे?"

मी आईची पूर्ण अकरा मिनिटं पेनड्राइव्हवर घेतली, चप्पल घातली आणि जिना उतरले. मागून सर ओरडले, "तू नसलीस तरी दुसरं कोणी फोन करेल!"

खरं आहे ते. परवा आमच्या पाड्यावर ड्रोन फिरला. वाटेवरून खाली ओहोळापर्यंत गेला, तिथं थांबला, परत वर आला. वहिनी अंगणात होती, ती घरात पळाली. रस्त्याची मोजणी असेल, असं लोकांना वाटलं. मी त्यांना खरं काय ते सांगितलं, सर डोलीच्या शॉटची जागा बघून ठेवताहेत.

शहापुरात दवाखान्याजवळ एक खोली घेतलीय. पाऊस लागायच्या आधी वहिनी खाली येईल. आईची अकरा मिनिटं आता लोकांपुढे जातील, एकही सेकंद न कापता. कुणी बघो, न बघो.

पण बोर्डावर आणखी चार पाडे आहेत. तिथंही दिवस गेलेल्या बाया असतील, तिथंही माझ्यासारखी कुणी फोन करायला बसलेली असेल, रस्ता होईल या आशेनं. चारही नावं मला पाठ आहेत. काल आईला ती म्हणून दाखवली. ती म्हणाली, "मी पन येते. त्यांना सांगाय लागंल ना."

उद्या सकाळी आम्ही पहिल्या पाड्यावर जातोय. पावसाच्या आधी चारही गाठायचे आहेत, दिवस गेलेल्या बाया खाली आणायच्या आहेत. डोलीचा तो रकाना मी रिकामा करणार.