प्रत्येक ओळीमागे माझं नाव

लिफ्ट चालवणारे प्रोग्राम आम्ही लिहितो. आम्ही लिहिलेलं मशीनच्या भाषेत उतरवणारा जो कंपायलर, त्याला परवा मी मध्येच थांबवून पाहिलं. खरं काम सुरू करण्याआधी तो साऱ्या फाइली एका लांबलचक मजकुरात ओततो आणि नोंदी ठेवत जातो, की ही ओळ अमुक फोल्डरातल्या तमुक फाइलमधली. मशीन माझं, म्हणून त्या फोल्डरला माझं नाव आहे. जिथे बघावं तिथे वनिता. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. छाती फुगली, खोटं कशाला बोलू?

"सर, हा एवढं टिपून कशाला ठेवतो?" मी शेजारच्या कुलकर्णी सरांना विचारलं.

"उद्या लिफ्ट मध्येच अडकली, तर चूक कुठली ते शोधायला नको का, बाई?" ते हसले. "म्हणून तर सगळ्यांच्या ओळींची शेवटची जुळणी तुझ्या मशीनवर."

मग मी आधीचा प्रोग्राम उघडून पाहिला. त्यात प्रत्येक ओळीमागे सतीश होता.

"हा कोण?"

"होता एक. ती लिफ्ट अडकली, तेव्हा गेला." सर पुन्हा आपल्या कामाकडे वळले.

त्यातल्या कितीतरी ओळी सरांच्याच हातच्या. त्यांची धाटणी मी ओळखते. पण ओळ कुणी लिहिली, हे कंपायलर विचारत नाही. ती कुणाच्या फोल्डरातून, कुणाच्या घरातून निघाली, एवढंच तो लक्षात ठेवतो.

आज नव्या इस्पितळाच्या लिफ्टची जुळणी माझ्या मशीनवर चालू आहे. सर मागे उभे आहेत, चहा पीत. पडद्यावर माझं नाव वर वर सरकतंय, रिकामी लिफ्ट एकेक मजला चढत जावी तसं.