पालथा दगड

लग्न होऊन मी हिंगोलीला आले ती थेट रेल्वेच्या क्वार्टरात. मालक लाइनीवर गँगचे मुकादम होते. स्टेशनापासून मैलभर लांब, रुळाच्या कडेला आमचं एकच घर. मागं आड आणि आडापाशी धुण्याचा लांबट काळा दगड. दुपारची पॅसेंजर गेली की मी धुणं घेऊन बसायची.

धुणं आपटलं की दगडातून बारीक किणकिण यायची. माझ्याच बांगड्या असतील म्हणून एकदा त्यांना फडकं गुंडाळलं. तरी आवाज आला. हात थांबवले, तरी एक-दोनदा आला, मग थांबला. मालकांना मी बोलले नाही. नवी बायको भित्री निघाली असं त्यांना वाटायला नको होतं.

लमाणांच्या तांड्यावरची एक म्हातारी सरपण विकायला यायची. मोळी अंगणात टाकायची, पण मागं कधी यायची नाही. एकदा विचारलं, "आजी, आडावर काहून येत न्हाई तुमी?"

"तिथं ती बाई पालथी पडून हाय," ती म्हणाली. "तिच्या पाठीवर तू धुणं आपटून राहिली."

मग तिनं सांगितलं. लाइन पडायच्या आधी तांड्याचे मीठ लादलेले बैल याच वाटेनं जात. वाटेवर सतीचा दगड उभा होता. आड खोदणाऱ्यांनी तो उचलून इथं पालथा टाकला.

"कोण होती ती?"

"नाव कोणाला ठावं? नवऱ्याच्या चितेवर बसवली, तवा पंधराची होती म्हणतेत."

मलाही तेव्हा पंधरावंच चालू होतं. संध्याकाळी मालकांना सगळं सांगितलं. ते हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी गँगची चार माणसं पहारी घेऊन आली आणि दगड उलटला. खालच्या अंगाला कोरलेला, कोपरात वाकलेला हात, उघडा पंजा, मनगटभर बांगड्या, वर चंद्र-सूर्य. वर्षभर मी त्यावर पाणी ओतत होते, पण ती बाजू कोरडी ठणठणीत. एका गड्यानं पहार खाली ठेवली आणि लांब जाऊन उभा राहिला.

मी त्या पंजावर पंजा ठेवला. बोट न् बोट बराबर बसलं. दगड अंगासारखा कोमट होता. "चुकलं माझं," एवढंच मी हळू म्हणाले.

दगड अंगणातल्या लिंबाखाली उभा केला. किणकिण बंद झाली.

निजामी संपली त्या वर्षी गाड्या थांबल्या, गडबड वाढली आणि मालकांनी मला माहेरी पुसेगावला धाडलं. दोन महिन्यांनी परत आले तर लिंबाखाली दगड नव्हता. खड्डा नाही, ओढल्याची खूण नाही, गवतसुद्धा मोडलेलं नाही. मालक आसपासच्या गावांत विचारून आले. कोणी नेला म्हणेना.

म्हातारीला सांगितलं. तिला नवल वाटलं नाही. लिंबाखालच्या जागेकडं बघत तिनं विचारलं, "एकटीच गेली का?"

दगडावर ठेवला होता तो पंजा मी पदराखाली घेतला. पुढच्या महिन्यात आमची पूर्णेला बदली झाली. खरं सांगते, मला बरं वाटलं.