कुमुदचं गढूळ पाणी

कुमुद गेल्याचा फोन आला तेव्हा मी जबलपूरच्या घमापुरातल्या आमच्या वसाहतीच्या सांडपाणी केंद्रावर बाटलीत नमुना भरत होते. फोन कोकणात ती राहायची त्या गावच्या सरपंचांचा होता. बाई झोपेतच गेल्या, म्हणाले, आणि आज गावात मासळीचा लिलाव बंद ठेवलाय. लिहायला बरं वाटत नाही, पण मला आधी रडू आलं नाही, हेवा वाटला. मी गेले तर जबलपुरात भाजीचा एक ठेलासुद्धा थांबायचा नाही.

आम्ही दोघी इथल्याच. एका वर्गात इंजिनिअर झालो. पहिला नंबर माझा, परीक्षेआधी वह्याही माझ्याच फिरायच्या. बड़ा फुहाऱ्याच्या बाजारातून एकाच ताग्यातलं कापड आणायचो आणि शिवून आलं की लोक तिच्याच ड्रेसला छान म्हणायचे. पुढे ती समुद्रकाठच्या एका लहान कोळीवाड्यात गेली. घराघरातलं सांडपाणी सरळ खाडीत जायचं, ते तिने खडी-वाळूच्या वाफ्यांत कर्दळी लावून त्यांतून गाळलं. मी इथे तेच काम चांगल्या यंत्रांनी केलं. दोघींचे तपासणी अहवाल मी शेजारी शेजारी ठेवून पाहायची... दरवेळी माझं पाणी तिच्याहून नितळ. पण तिच्या पाण्यात बायका मासळीच्या पाट्या धूत होत्या आणि माझं पाणी बागेलाही कोणी घेईना. वसाहतीच्या समितीचे शुक्लाजी म्हणाले, "दीदी, रिपोर्ट तो ठीक है, पर मन नहीं मानता." पाणी वापरायचंच नसेल तर केंद्र बंद करून तिथे गाड्या उभ्या करू, असं ठरत आलं होतं.

शेवटी नाक मुठीत धरून मी कुमुदला फोन केला आणि विचारलं, लोकांना असं काय सांगितलंस? ती हसली. "सांगून काय होते? तू ये न इथं, दाखवते. काहून लांबवून राहिली, दोन दिवसांचं तर काम आहे." सुट्टी नाही म्हटलं. सुट्टी होती. तिच्याकडे शिकायला जायचं नव्हतं, एवढंच.

शेवटी तिच्या तेराव्यानंतर त्या गावी गेले. वाफ्यांच्या टोकाला पाणी बाहेर पडतं, तिथे एक चपटा दगड आहे. शेजारी पार्वतीबाई नावाच्या कोळीण मासळीची पाटी घासत होत्या. कुमुदने तुम्हाला काय समजावलं, असं मी विचारलं.

"काय नाय. आमी बाजारातून यायच्या टायमाला बाई रोज हितं बसून पाय धुवायच्या. वरीसभर आमी नुसत्या बघत होतो."

वर्षभर. आणि मी समितीला केंद्र दाखवत असताना हातावर चार थेंब उडाले, तर सगळ्यांसमोर साबण मागितला होता. ते पाणी सुरक्षित असल्याचा कागद तेव्हा माझ्या दुसऱ्या हातात होता.

बाजार सुटला. बायका एकेक करत आल्या, दगडावर पाय धुऊन, गप्पा न थांबवता पुढे गेल्या. कुमुदचं नाव कोणी काढलं नाही. पार्वतीबाईंनी पाटी बाजूला ओढून मला जागा करून दिली. केंद्र ठेवायचं की नाही, ते ठरवणारी समितीची बैठक रविवारी आहे. चपला काढताना मला याचाही हेवा वाटला, की तिच्याकडे एक अख्खं वर्ष होतं.