घाटासाठी वाढवलेली ताकद

माझ्या पिकअपला घाटात दम लागायचा आणि लाज मला वाटायची. आरोंद्याच्या आसपासचे नारळ भरायचे, सावंतवाडीतून आंबोलीचा घाट चढायचा आणि वरच्या बाजारात पोचवायचे, हा माझा धंदा. सपाटीवर गाडी गुणी होती. घाटाची पहिली दोन वळणं झाली की मात्र दुसऱ्या गिअरवर यायची, आणि मग ट्रक, एसटी, एकदा तर वऱ्हाड भरलेला टेम्पोसुद्धा मला मागे टाकून गेला. वऱ्हाडातल्या बायकांनी हात हलवून निरोप दिला. बाजारातल्या एका हमालानं तर चारचौघांत विचारलं, की तू गाडीत बसून येतोस की गाडीला हाताला धरून आणतोस? सगळे हसले, मीही हसलो. पण मी मुळात तापट माणूस, असलं बोलणं मनात धरून बसणारा.

मग मी मोबाइलवर बघायला लागलो. गाडीची ताकद वाढवायला इंजिन उघडावं लागत नाही, बाहेरून सामान जोडून बोल्ट आवळले की काम होतं, हे मला तिथं कळलं. एक म्हणजे कापडी जाळीचा, शंकूच्या आकाराचा एअर फिल्टर. तो जाड पाइपच्या टोकाला, इंजिनच्या उष्णतेपासून लांब, पुढच्या जाळीच्या मागे बसवायचा, म्हणजे गाडी थंड वारा ओढते आणि जोर वाढतो. दुसरा, मोकळा सायलेन्सर. तिसरा, सेन्सरच्या वायरींमध्ये जोडायचा एक छोटा डबा, जो इंजिनाला जास्त डिझेल प्यायला लावतो. त्या डब्याला एक ते पाच आकड्यांचं बटण होतं. ते बघूनच मी निम्मा विकला गेलो.

सावंतवाडीतला माझा मेकॅनिक वयानं मोठा आणि तोंडानं फटकळ. सगळं सामान त्यानं अर्ध्या दिवसात बसवून दिलं, पण हात पुसता पुसता बजावलं, "डिझेल वाढवलंस, तर वारोय तेवढोच व्हयो. फिल्टर चोंदलो की पयलो काळो धूर येतलो. तेव्हा पाय काढ, दाबू नको." जाळीचा फिल्टर महिन्याला धुवायचा, वाळवायचा आणि त्याचं ठरलेलं तेल लावायचं, कारण धूळ ते तेल धरतं, जाळी नाही, हेही त्यानं दोनदा सांगितलं. मी हो हो केलं. माझं लक्ष बटणाकडे होतं.

पहिल्याच फेरीला घाटात तिसऱ्या गिअरवर गाडी सरसर चढली. मी दोन ट्रक मागे टाकले आणि वर पोचून उगाच हॉर्न वाजवला. नवऱ्या मुलासारखा मिरवत होतो मी. घरी मेकॅनिकचं बजावणं मी हसत सांगितलं, पण बाबा हसले नाहीत, आणि तो नवा आवाजही त्यांना अजिबात आवडला नाही. गाडी येते की भांडण येतंय ते कळत नाही, असं ते म्हणायचे. मी म्हणायचो, तुम्हाला ताकदीतलं काय कळतं. दोन महिने मी असा हवेत होतो.

जानेवारीत फिल्टर धुवायची वेळ आली तेव्हा सोबत आलेली तेलाची बाटली संपलेली होती. नवी कुरिअरनं यायला आठवडा लागणार होता. आठवडाभर गाडी उभी ठेवायची मला सवय नव्हती, आणि कोरडी जाळी लावली तर मी अधूनमधून भाडी मारायचो त्या जांभ्या चिऱ्याच्या खाणीवरची लाल धूळ सरळ इंजिनात जाणार, एवढं मला कळत होतं. आमच्याकडे बिजागरी करकरली, कान दुखला, पाय फुटले, शिलाई मशीन अडलं, तरी हात खोबरेलाच्या बाटलीकडे जातो. माझाही गेला. बायकोनं वाटी देताना विचारलं, की हे गाडीला चालतं का? तेलाला तेल, असं मी तिला ऐकवलं. दुपारच्या उन्हात ते पाण्यासारखं पातळ तेल जाळीत छान मुरलं. मी वर आणखी अर्धी वाटी ओतलं.

थंडीत खोबरेल गोठतं हे आमच्याकडे शाळेत जायच्या आधी कळतं. त्या आठवड्यात मी स्वतः रोज सकाळी बाटली चुलीपाशी ठेवत होतो, डोक्याला लावायला. पण डोक्याचं तेल आणि गाडीचं तेल हे दोन्ही माझ्या मनात एकत्र आलेच नाहीत. पुढचे चार दिवस मी भर दुपारी जवळपासच्याच खेपा मारल्या. खाणीवरही दोनदा गेलो. गाडी मजेत चालली.

पाचव्या दिवशी संध्याकाळी शेजारून काकीची हाक आली. काकी म्हणजे बाबांच्या थोरल्या भावाची बायको. काका गेल्यापासून ती आणि तिची म्हैस, एवढंच त्या घरात. म्हैस वयानं उतरलेली, हे तिचं शेवटचं वेत असं सगळेच म्हणत होते, आणि या खेपेला रेडा न होता पारडी व्हावी म्हणून काकीनं देवळात गाऱ्हाणं घातलं होतं. पारडी झाली तर गोठा पुढे चालणार होता, नाहीतर या म्हशीबरोबर संपणार होता. आता म्हैस दुपारपासून कळा देत होती आणि काहीच पुढे सरकत नव्हतं. तालुक्याचे जनावरांचे डॉक्टर आले. गर्भाच्या पिशवीला पीळ पडलाय म्हणाले. आम्ही सहा जणांनी म्हशीला जमिनीवर लोळवून पीळ सोडवायचा दोनदा प्रयत्न केला. नाही सुटला. डॉक्टरांनी हात घालून पाहिलं, रेडकू जिवंत होतं. आता ऑपरेशनच, आणि ते घाटावरच्या जनावरांच्या मोठ्या हॉस्पिटलात, तिथले सर्जन सकाळी आठला येतात, तोवर म्हैस दारात उभी पाहिजे, असं सांगून त्यांनी फोन करून ठेवला.

काकीनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, आठच्या आत पोचवतो, माझी गाडी आता घाटाला मोजत नाही. हे वाक्य मी बोललो, अगदी याच शब्दांत.

पहाटे निघालो. मागे पेंढा घालून म्हैस उभी केली, दोन्ही बाजूंनी बांधली. काकी शाल गुंडाळून तिच्या मानेशी उभी राहिली, पुढे बसायला तयारच नव्हती. बाबा माझ्या शेजारी. त्या सकाळी थंडी अशी होती की काच खाली करवत नव्हती. सावंतवाडी येईपर्यंत उजाडायला लागलं होतं, आणि मला जाणवत होतं की गाडी नेहमीसारखी नाही. पुढून घशात काही अडकल्यासारखी शिट्टी येत होती. पाय दाबला तर जोर उशिरा यायचा. म्हैस आहे, वजन आहे, असं मी स्वतःला समजावलं. खरं तर नारळ भरले की याच्या दुप्पट वजन व्हायचं.

घाट सुरू झाला आणि गाडी बसलीच. मी डब्याचं बटण तीनवरून पाचवर नेलं. आरशात मागचा रस्ता काळा झाला. बाबा म्हणाले, "रे, धूर बघ मागे. तुझो मेकॅनिक काय म्हणालेलो?" मी त्यांना गप्प बसायला सांगितलं. वडिलांना असं बोलायची माझी पहिली वेळ नव्हती, पण इतक्या वाईट वेळी पहिलीच. धुरात काकी खोकत होती ते मला ऐकू येत होतं. मी पाय आणखी दाबला.

वरून तिसऱ्या वळणावर, चढ सगळ्यात उभा आहे तिथं, इंजिन दोनदा हादरलं आणि मेलं. एका क्षणात इतकी शांतता झाली की म्हशीचा श्वास ऐकू आला. गाडी मागे सरकायला लागली. ब्रेकवर पाय मारला तर पेडल दगडासारखं, कारण इंजिन बंद पडलं की ब्रेकला मिळणारी त्याची मदतही जाते. मी दोन्ही पायांनी उभा राहिलो ब्रेकवर, हातानं हँडब्रेक ओढून धरला. गाडी हळू झाली, पण थांबेना. म्हैस मागच्या फळीवर रेलली आणि फळी कडकडली. मागे कठडा, कठड्याच्या मागे दरी. काकी ओरडली नाही. ती म्हशीलाच सांगत होती, "उभी रव गो बाय, उभी रव." बाबा कधी उतरले ते मला दिसलंच नाही. सत्तरीचा माणूस, धुक्यात वाकून कडेचा एक दगड ओढत आणून त्यांनी चाकाखाली लोटला. गाडी त्या दगडावर टेकली आणि थांबली.

पुढचा तास मी आयुष्यातून काढून टाकू शकलो तर टाकीन. मी डिझेल तपासलं, बॅटरीच्या तारा हलवल्या, डबा काढला, पुन्हा लावला, पुन्हा काढला. गाडी चालू व्हायची, चार धक्के द्यायची, बंद पडायची. फोनला रेंज नव्हती. एक ट्रक थांबला, पण म्हैस त्यात चढवायची कशी? एवढ्या उतारावर फळी उघडली असती तर ती खालीच आली असती. काकी दर पाच मिनिटांनी म्हशीच्या पोटावर हात ठेवत होती. एकदा म्हणाली, हलतंय अजून. नंतर ते म्हणायची थांबली. मी सगळीकडे हात घालत होतो, फक्त फिल्टरकडे जात नव्हतो, कारण तो तर मी आत्ताच धुतला होता, माझ्या हातानं.

शेवटी बाबांनीच पुढच्या जाळीत हात घातला. बाहेर काढला तेव्हा बोटांना लालसर लोणी लागलेलं होतं. मी फिल्टर सोडवून काढला. पांढरं गोठलेलं खोबरेल आणि त्यात कालवलेली खाणीची लाल धूळ, जाळीचं एक भोक दिसत नव्हतं. हे काय लावलंस, असं बाबांनी विचारलं. मी सांगितलं. त्यांनी बोटं गवताला पुसली आणि गाडीत जाऊन बसले. त्यांनी मला चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

फिल्टर काढून टाकला, उघड्या पाइपवर गाडी चालू केली. डब्याशिवाय, दुसऱ्या गिअरवर, जुन्या चालीनं ती घाट चढून गेली. मला जी चाल लाजेची वाटायची, त्या चालीनं आलो असतो तर आम्ही साडेसातला दारात असतो.

नऊ वाजून गेले होते. सर्जन दुसऱ्या जनावराला सोडून धावत आले. त्यांनी कूस कापून रेडकू बाहेर काढलं. पारडी होती, काळीभोर, कपाळावर पांढरा ठिपका असलेली, आणि मेलेली. म्हैस वाचली. मी डॉक्टरांना बाजूला घेऊन विचारलं, की तासभर आधी आलो असतो तर? ते हात धूत म्हणाले, "असं सांगता येत नाही. कदाचित जगलं असतं." दिवसभर माझ्या कानात तो कदाचित राहिला.

हॉस्पिटलच्या बाहेर बाकावर आम्ही तिघं चहा घेऊन बसलो. कुणी पीत नव्हतं. काकीनं सरळ विचारलं, "गाडी कित्याक बंद पडली रे?"

डिझेलमध्ये कचरा आला, असं मी म्हणालो. इतक्या सहज म्हणालो की माझंच मला नवल वाटलं. बाबा कप बाकावर ठेवून उठले आणि फाटकापर्यंत जाऊन पाठमोरे उभे राहिले. मग मला तिथं बसवेना. मी काकीला सगळं सांगितलं. तेल, धूळ, धूर दिसत असताना दाबलेला पाय, वाढवलेलं बटण, काहीही राखून ठेवलं नाही.

काकीनं पदरानं तोंड पुसलं. आवाज न चढवता म्हणाली, "खरा सांगितलंस ता बरा केलंस. पण आता थोडे दिस माझ्या दारात येव नको. तुका बघलंय की माका ता पारडू दिसतला."

तिसऱ्या दिवशी म्हैस घरी आणली ती मेकॅनिकच्या ओळखीच्या टेम्पोतून. काकीनंच तसं सांगितलं होतं. मी डबा आणि मोकळा सायलेन्सर काढून जुनं सामान परत बसवलं. घाटात आता पुन्हा सगळे मला मागे टाकून जातात आणि मला त्याचं काही वाटत नाही. शहाणा झालास, असं लोक म्हणतात. त्यांना बरं वाटत असेल.

काकीचा गोठा आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर आहे. आल्यापासून म्हैस रोज सकाळी दुधाच्या वेळेला रेडकासाठी ओरडायची, थांबायची, कान देऊन ऐकायची आणि पुन्हा ओरडायची. काकी आत तिच्याशी हळू आवाजात बोलत असायची. पान्हा सुटायला कधी अर्धा तास लागायचा, कधी सुटायचाच नाही. एक दिवस ते ऐकवेना म्हणून बायको खिडकी लावायला उठली. मी तिला लावू नको म्हणालो. काकीला ऐकावं लागतं, तर मीही ऐकेन. थोडे दिवस होऊन आता बरेच दिवस झालेत. तिनं हाक मारलेली नाही, आणि मी अजून गेलेलो नाही.