पाटी लावलेलं घर

आर्नहेममध्ये माझ्या खालच्या मजल्यावर एक डच बाई राहायच्या. वय अठ्ठ्याऐंशी, दृष्टी जवळजवळ गेलेली, जीभ मात्र शाबूत. कोविडच्या दुसऱ्या हिवाळ्यात आमची ओळख वाढली, कारण ऑफिस घरात आलं होतं आणि स्क्रीनबाहेर माझ्याशी बोलणारं दुसरं कुणी नव्हतं. दर शनिवारी अकरा वाजता त्या दार उघडून खुर्चीत बसायच्या आणि मी जिन्याच्या पायरीवर. मध्ये दीड मीटर. कॉफी, एक बिस्किट, आणि डबा लगेच बंद. दुसऱ्या बिस्किटाची आशा मी पहिल्याच महिन्यात सोडली.

त्यांचं माझ्याकडे एक काम होतं. त्यांची आई कॅनडाच्या गवताळ मैदानात जन्मलेली. आजी-आजोबा जमीन मिळते म्हणून तिकडे गेले होते. पहिलं महायुद्ध संपत आलं तेव्हाच्या साथीत आजी वारली आणि आजोबा तीन वर्षांच्या मुलीला टाकून पळून गेले, असं घरात सांगितलं जायचं. मुलीला तिकडेच शेती करणाऱ्या तिच्या मामाने हॉलंडला आणून वाढवलं. त्या मामाचा फोटो बाईंच्या भिंतीवर होता, खाली ठळक अक्षरांत नाव. बापाचा फोटो नव्हताच.

"माझी आई मरेपर्यंत विचारत होती, बाप का गेला," बाई म्हणाल्या. "मला ते कळून मरायचंय. गोड करून सांगू नकोस."

तिथल्या ग्रामीण पालिकेच्या सभांची जुनी वही कुणा स्वयंसेवकाने स्कॅन करून पाठवली होती. ती मी वाचून दाखवायची. कारकुनाचं अक्षर सुरेख, शाई काळीभोर, एक शब्दही अडणार नाही असं.

पालिका म्हणजे सहा शेतकरी आणि एक कारकून. स्वतःचं ऑफिस नाही, सभा शाळेत भरायच्या. रस्ता हवा असेल तर प्रत्येकाने आपले घोडे आणून वर्षातले काही दिवस राबायचं. मळणीला सगळे एकमेकांच्या शेतावर. आमच्याकडे याला इर्जिक म्हणतात, असं मी ऐटीत सांगितलं. माझा शेतीशी संबंध पुण्यातल्या मंडईपर्यंतच, पण परदेशात माणूस फार चटकन गावचा होतो.

मग वहीत साथ आली. मळणीची टोळी शेतामागून शेतं घेत गेली आणि ताप तिच्याबरोबर गेला. शाळा बंद केली म्हणून सभा घोड्यांच्या तबेल्यात भरली. ठराव झाला की आजारी घरावर पाटी लावावी, आतलं कुणी बाहेर येऊ नये, बाहेरचं कुणी आत जाऊ नये. खाणं फाटकापाशी ठेवावं.

पुढची पानं मी एका शुक्रवारी दुपारी, मीटिंगमध्ये कॅमेरा बंद करून, आधीच वाचली. पाटी लावलेल्या घरातला इसम मूल घेऊन रस्त्यापर्यंत आला. पत्नी मृत आहे, मूल कुणीतरी न्यावे, अशी त्याने विनंती केली. नियमानुसार त्यास परत पाठवले. हे सभेला कळवणाऱ्या सदस्याचं नाव तेच होतं, भिंतीवरच्या फोटोखालचं. पुढच्या सभेची नोंद अशी: धुराड्यातून दोन दिवस धूर नाही. घर उघडले. दोन प्रेते. मूल जिवंत. ते त्याच सदस्याकडे सोपवले. त्याच्या लगेच खालचा विषय जमिनीतल्या खारी मारायला विष वाटण्याचा.

बाप कुठे गेलाच नव्हता. मामाने त्याला माघारी धाडलं आणि नंतर आयुष्यभर त्या मुलीला सांगितलं की तो तुला टाकून गेला.

इथे मला माझ्याबद्दल सांगावं लागेल. आपल्याकडे वाईट बातमी हप्त्याहप्त्याने देतात. मेलेल्या माणसाची आधी 'तब्येत जरा जास्त' होते, मग तो 'सीरियस' होतो, आणि नातेवाईक दारात पोचले की मरतो. त्या हिवाळ्याआधी, दुसऱ्या लाटेत, दादाचा पुण्याहून फोन आला, बाबांची तब्येत जरा जास्त आहे. मी तिकीट, टेस्ट, परतीचे नियम यांच्यामागे धावत सुटले. दादाला म्हटलं, फोन त्यांच्या कानाशी धर. मी दहा मिनिटं बोलले. लहानपणी बोलले नाही ते सगळं बोलले. बाबा पहाटेच गेले होते. दादा फोन घेऊन रिकाम्या खोलीत उभा होता. तू तिकडे एकटी, धक्का बसू नये म्हणून, असं तो नंतर म्हणाला. त्या दहा मिनिटांची मला आजही लाज वाटते आणि दादाचा संताप येतो. मी त्याच्याशी बोलणं टाकलं.

आणि शनिवारी मी काय केलं? पाटीपर्यंत वाचलं आणि थांबले.

"पुढे?" बाईंनी विचारलं.

म्हटलं, पुढची शाई पुसट आहे, अक्षर लागायला वेळ लागेल. तो आजारी असावा, एवढं दिसतंय. एकदम नको, आज आजारपण, पुढच्या शनिवारी मृत्यू, त्याच्या पुढच्या शनिवारी मामा, असा मी मनाशी बेत केला होता. जन्मभर ज्याला देव मानलं त्याच्याबद्दल एका दमात कसं सांगायचं? मला वाटलं मी दया करतेय.

"म्हणजे पळाला की नाही?"

"अजून कळत नाही," मी म्हणाले.

बिस्किटाचा डबा उघडाच राहिला होता, तो त्यांनी चाचपडत बंद केला.

बुधवारी अँब्युलन्स आली. हॉस्पिटलमध्ये एकालाच सोडत होते, तेव्हा द हेगहून त्यांची मुलगी आली. गुरुवारी मी तिला फोन केला. तिने आडपडदा ठेवला नाही. "आई मरतेय. बहुतेक आज."

मी म्हणाले, फोन तिच्या कानाशी धर, मला तिला एक सांगायचंय, फार महत्त्वाचं आहे.

"नाही," ती म्हणाली. "ती आता ऐकत नाही. मी फोन धरला तर तू कुणाशीच बोलणार नाहीस."

तिच्या आवाजात राग नव्हता. कुणी माझ्याशी इतकं खरं वागल्याचं मला आठवत नाही, आणि त्या खरेपणाची मला तेव्हा चीडच आली.

बाई संध्याकाळी गेल्या. बाप टाकून गेला, हेच घेऊन गेल्या. पुढच्या आठवड्यात मी सगळी पानं टाइप करून मुलीला पाठवली. तिने आभार मानले. मामाचा फोटो आपण भिंतीवरून काढला, असं लिहिलं. शेवटी एकच प्रश्न होता, आई होती तेव्हा तुला हे माहीत होतं का?

मी लिहिलं, शाई फार पुसट होती, आणि पाठवून दिलं.