पाणबुड्याच्या घड्याळाची सुई

मी विकत घेतलेलं पहिलं स्विस घड्याळ पाण्याखाली दोनशे मीटरपर्यंत चालतं. मी गुडघ्यापर्यंत चालतो. त्यापुढे पाणी आलं की मला लहानपणापासूनची सगळी पापं आठवायला लागतात. शिवाय डहाणूच्या समुद्रात ओहोटीच्या वेळी दोनशे मीटर खोल पाणी शोधायचं तर आधी दोन दिवस चालत जावं लागेल, आणि वाटेत चहाची टपरी नाही. तरी मला पाणबुड्यांचंच घड्याळ हवं होतं. तलासरीच्या शाळेत गणित शिकवणाऱ्या माणसावर कधी कुठे बुडायची वेळ येईल, सांगता येत नाही.

नवं घ्यायला माझे सात जन्मांचे पगार पुरले नसते. जुनं मिळालं ते डहाणूतल्याच एका चिकूच्या वाडीत. मालक जहाजावरचे निवृत्त इंजिनिअर, बोलणं गुजराती. घड्याळ त्यांनी अर्धं आयुष्य मनगटावर बाळगलेलं; आता चिकू पिकायला सेकंदकाटा लागत नाही, म्हणून विकायला काढलेलं. त्यांनी ते माझ्या तळहातावर ठेवलं आणि माझा हात खाली टेबलाला जाऊन टेकला, एवढं वजन. काचेभोवतीची पोलादी रिंग फिरवली की टिकटिकत सरकायची. पाणबुड्याच्या पाठीवरच्या टाकीतली हवा किती वेळ पुरेल, ते तिच्यावरून कळतं म्हणे. मुख्याध्यापकांच्या भाषणाला हीच रिंग लावायची, हे मी तिथल्या तिथे ठरवलं.

"ऑटोमॅटिक छे, मास्तर," ते म्हणाले. ऑटोमॅटिक म्हणजे आपण काहीच करायचं नसतं, हा माझा बिनगिअरच्या स्कूटरमुळे पक्का झालेला समज. मग घड्याळावर बोट ठेवून त्यांनी बजावलं, "पण काढीने मूकी राखशो, तो सूई जशे."

आता, माझं गुजराती इतकं तयार आहे की उंबरगावचे व्यापारी माझ्याशी बोलताना घाबरून हिंदीत शिरतात. त्यामुळे अर्थ विचारायचा प्रश्नच नव्हता. काढून ठेवलंत तर सुई जाईल. म्हणजे काटा निखळेल. जुनं यंत्र, सैल झालं असणार, आणि माणूस इतका सरळ की आपणहून सांगतोय. मी जाणत्यासारखी मान हलवली. आठ दिवस वापरा, नाही फावलं तर परत आणा, असंही तेच म्हणाले.

घरी बायकोने किंमत विचारली. मी निम्मी सांगितली, तिने ती दुप्पट करून ऐकली. ती वेवजीची, गुजरातची हद्द तिच्या माहेरच्या परसात, त्यामुळे तिला दोन्हीकडचे भाव माहीत. तिने शांतपणे निकाल दिला, "या आठ दिवसांत एकदा जरी थांबलं, तर त्याच पावली परत. घरात थांबलेलं एक माणूस आहे, तेवढं पुरे."

झालं. खाली ठेवताना बसणाऱ्या धक्क्याने काटा निखळणार असेल, तर हातावर असताना बसणाऱ्या धक्क्यानेही निखळेल, हे गणिताच्या मास्तरला वेगळं शिकवावं लागत नाही. मी डावा हात छातीशी धरला तो धरलाच. स्कूटर बंद केली. एसटीने जाताना महामार्गावरच्या प्रत्येक खड्ड्याला मी हात अधांतरी असा तरंगवायचो की समोरच्या बाईंनी उठून मला जागा दिली. शाळेत हाड मोडल्याची बातमी पसरली. एका सहकाऱ्याने कैनाडच्या एका वैदूचा लेप आणून दिला. त्याचं मन मोडू नये म्हणून मी तो लावलाही. रात्री हाताला वेगळी उशी. चार दिवसांत माझ्या डाव्या हाताने साधा डास मारला नाही. शेवटी शेवटी डास त्याच हातावर सहकुटुंब यायला लागले.

पाचव्या दिवशी सकाळी चहा ओतताना बायकोने विचारलं, "किती वाजले?"

"दहा वाजून सात," मी म्हणालो. दूधवाल्याची सायकल अजून फाटकाबाहेर पडत होती.

तिने कप खाली ठेवला, घड्याळ माझ्या मनगटावरून काढलं आणि स्वतःच्या मनगटावर चढवलं. तुमच्या हातात दिलेली वस्तू वाडीपर्यंत धड पोचायची नाही, म्हणाली. आम्ही स्कूटरवरून निघालो. माझी बायको तोंडापेक्षा हातांनी जास्त बोलते. त्या दिवशी मागे बसून तिने आमच्या लग्नापासून थांबलेली सगळी कामं काढली: गच्चीची गळती, मोरीचं दार, वेवजीला राहायला जायचं ठरलेली उन्हाळ्याची सुट्टी. तिचा डावा हात माझ्या कानाशेजारून असा फिरत होता की समोरून येणारा टेम्पो आपणहून कडेला थांबला.

वाडीत पोचल्याबरोबर मी माझ्या खास गुजरातीत तक्रार मांडली. इंजिनिअरकाका हसले. "सूई गई हशे."

"नाही हो काका, तिन्ही सुया जागच्या जागी आहेत. मी मोजल्यात."

त्यांनी माझ्या बायकोकडे पाहिलं. मीही. मग बायको हळू आवाजात बोलली. तिचा हळू आवाज गावभर ऐकू येतो.

"अहो, सूई गई हशे म्हणजे झोपी गेलं असेल. हाताच्या हालचालीने त्याला चावी बसते, हललं नाही की ते झोपतं. आणि घड्याळाच्या काट्याला गुजरातीतही कांटोच म्हणतात."

काका इतके हसले की झाडावरचे कच्चे चिकू पडले. पण माझं लक्ष त्यांच्याकडे नव्हतं. बायकोची अट सुईची नव्हतीच, थांबण्याची होती, आणि घड्याळ थांबलं होतं हे मीच आत्ता दोन भाषांत सांगून बसलो होतो. मी खाली मान घालून तिच्यापुढे हात केला, परत करायला दे म्हणून.

तिने मनगट डोळ्यांजवळ नेलं. सेकंदकाटा ऐटीत चालला होता. ती बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिली, वर्गातल्या चुकार पोराकडे बघावं तशी.

"थांबलं नव्हतं," ती शेवटी म्हणाली. "झोपलं होतं."

घड्याळ वाचलं. माझा हात अजून पुढेच होता. तिने बाही खाली ओढली.

"तुम्हाला देऊन पुन्हा झोपवू?"

तेव्हापासून ते तिच्याच हातावर आहे. आम्ही कडाक्याने भांडतो त्या दिवशी ते दोन मिनिटं पुढे जातं, हे मी शपथेवर सांगतो. रिंग कुकरला लावलेली असते. माझी पाळी रविवारी दुपारी, ती झोपते तेवढा वेळ. मग मी डावा हात गरागरा फिरवत अंगणात येरझारा घालतो. शेजारी म्हणतात, मास्तरांचं हाड चांगलं जुळलं.